जुन्या प्रयोगांच्या टेप डिजिटाइज करून घेतल्या, त्याचा रिव्ह्यू

आमच्या नाटकाच्या ग्रुपच्या व्हीएचएस आणि मिनीडीव्ही टेप, सोबत एक प्रॉम्प्ट कॉपी (प्रयोगाच्या सगळ्या सूचना लिहिलेली संहिता), असं सगळं एका डिजिटायझेशनवाल्यांकडे दिलं होतं. नाव लिहीत नाही, कारण अर्धं काम फार सुंदर झालंय आणि अर्धं परत करायला लावलं.

मिनीडीव्हीचं काम एक नंबर. त्या टेपवर मुळातच डिजिटल डेटा असतो, तो फायरवायर केबलने जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, तासाला साधारण १३ जीबी होतात, आणि यांनी ती मूळ फाइलच दिली, वर नुसतं बघायला छोटी एमपी४ वेगळी. प्रत्येक फाइलचा चेकसमही (फाइलमधल्या डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) दिलाय, म्हणजे पुढे कॉपी करताना फाइल बिघडली तर पडताळून बघता येतं. कॅसेटच्या लेबलांचे फोटो पण काढलेत, हे बघून खरंच बरं वाटलं, कारण कुठल्या प्रयोगाला ऐनवेळी कोण बदली उभं राहिलं हे कितीदा तरी फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

व्हीएचएसमध्ये मात्र घोळ. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) टेपवर सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं असतात, यांनी २५ फ्रेम करून टाकले, त्यामुळे नाचाच्या प्रवेशात पावलं अडखळल्यासारखी दिसत होती. सांगितल्यावर ५० फ्रेमने काढून दिलं, एकदम मोकळं दिसायला लागलं सगळं. पण जास्त खटकला तो आवाज. क्लीन करायच्या नादात प्रेक्षकांचा हशाच दाबून टाकला! नटी वाक्य टाकते, थांबते, आणि का थांबलीये तेच कळत नाही. अहो तो हशा म्हणजे नॉइज नाही, तिचं टायमिंग त्याच्यावरच तर चाललंय. क्लीन न केलेला ट्रॅक मागून घेतला.

प्रॉम्प्ट कॉपी ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन केलेली. आमच्यात लाइटचे क्यू (कधी काय बदलायचं त्या खुणा) लाल, म्युझिकचे निळे, ते सगळे काळेच आले आणि पेन्सिलने लिहिलेलं ब्लॉकिंग (स्टेजवर कुणी कुठे उभं राहायचं, कुठे जायचं) जवळजवळ गायब. रंगीत ४०० डीपीआयने परत केलं तेव्हा कुठे समासातले बाण दिसले.

अजून एक, बघायला दिलेली लिंक कुणालाही उघडता येत होती. नाटकात लेखकाचे, कलाकारांचे हक्क असतात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी १९७० पासून प्रयोग शूट करून जपतेय, पण ते तिथे जाऊनच बघावे लागतात. आम्ही लगेच पासवर्ड लावून घेतला.

तक्रार केल्यावर वाद न घालता परत करून देतात, त्यामुळे टेप पडून असतील तर जरूर द्या, कॅसेट काही वाट बघत थांबत नाहीत. फक्त देतानाच लेखी सांगा की मूळ फाइल हवी, आवाजाला हात लावायचा नाही, आणि पडदा पडल्यानंतरचा कर्टन कॉल (कलाकारांचं अभिवादन) कापायचा नाही.