३६५ चा टॉर्च: दहा महिन्यांच्या वापरानंतर (बर्मा-मलायाच्या युद्धकालीन नोटा जमवणाऱ्यांसाठी)

जुन्या नोटांचा कागद तपासायला मी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील (यूव्ही) टॉर्च वापरतो. गेल्या आठवड्यात त्याचं बटण गेलं. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की बटण वॉरंटीत बसत नाही. अकराशे रुपयांच्या टॉर्चमध्ये एलईडी, बॅटरी आणि बटण एवढंच तर असतं! तीन मेल केले, बिलाचा फोटो पाठवला, उपयोग शून्य. शेवटी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने चाळीस रुपयांत नवं बटण बसवून दिलं. सर्व्हिसला माझ्याकडून भोपळा. वस्तू मात्र चांगली आहे, ते आता सांगतो.

माझ्याकडे आधी अडीचशे रुपयांचा ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च होता. तो घेऊ नका. त्याचा जांभळा उजेडच इतका पडतो की कुठलाही कागद चमकल्यासारखा दिसतो. त्या उजेडामुळे मी वर्षभर चांगल्या नोटांवर संशय घेतला आणि दोन तर परतही केल्या, त्याची हळहळ अजून आहे. ३६५ च्या टॉर्चला पुढे काळी काच असते, जांभळा उजेड जवळपास नाहीच. खोलीत अंधार करून युद्धकाळातल्या नोटेवर मारला तर कागद मंद, मातकट राहतो. आजच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन घातलेलं असतं, तो नीळ दिलेल्या सदऱ्यासारखा उजळतो. पहिल्याच आठवड्यात मलायाची केळीच्या झाडाचं चित्र असलेली दहा डॉलरची नकली नोट अशी पकडली. युद्धात जिंकलेल्या मुलुखांसाठी जपानने छापलेल्या सुरुवातीच्या नोटांवर नंबर असायचे, नंतर नुसती अक्षरं आली, म्हणून नंबरवालीला भाव जास्त. माझी नंबरवाली लख्ख निळी चमकली. पैसे परत मिळाले आणि टॉर्चची किंमत तिथेच वसूल झाली.

त्या वेळी मी याला डोळे झाकून पाच तारे दिले असते. आता चार देतो. कारण सहाव्या महिन्यात घेतलेली एक रुपयाची नोट.

१९४५ मध्ये ब्रिटिश बर्मात परतले तेव्हा त्यांच्या लष्करी प्रशासनाने भारतीय नोटांवरच लाल छाप मारून त्या तिथे चालवल्या: ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’ आणि खाली ‘लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’. मूळ नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसच्या. मी नाशिकरोडचाच, त्यामुळे या नोटांवर माझा जीव जरा जास्तच. मला मिळाली ती अशीच लाल छापेची, सहाव्या जॉर्जची १९४० ची नोट, टॉर्चखाली कागद अगदी हवा तसा मंद. घेतली. दोन महिन्यांनी एका जुन्या संग्राहक काकांनी सोनाराचं दहापट भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “घडीवर बघ.”

मधल्या घडीवर कागद झिजून तंतू वर आले होते आणि लाल शाई त्या तुटलेल्या तंतूंवर बसली होती, भेगेत उतरली होती. म्हणजे नोट आधी झिजली, छाप नंतर पडली. काकांच्या अस्सल नोटेत घडीपाशी लाल अक्षरच तुटलेलं होतं, मधून पांढरे तंतू दिसत होते. साधी एक रुपयाची नोट स्वस्तात मिळते, छापवालीला कितीतरी जास्त पैसे पडतात. म्हणून खऱ्या नोटेवर खोटी छाप मारतात. कागद खराच असल्याने टॉर्च तिथे काही सांगूच शकत नाही. १८० रुपयांचं भिंग दुसऱ्याच दिवशी घेतलं.

उलटंही होतं. एक अस्सल नोट टॉर्चखाली चमकली, कारण आधीच्या मालकाने ती साबणाच्या पावडरीत धुतली होती. चमकली म्हणून लगेच फेकू नका, छपाईच्या रेषा बघा.

आणि एक कळकळीने सांगतो. बर्मासाठी जपानने छापलेल्या रुपयाच्या नोटा ‘नेताजींच्या सरकारच्या’ म्हणून हजारोंना विकतात. एका प्रदर्शनात एक आजोबा ती विकत घेताना मी पाहिले, हात थरथरत होते त्यांचे. नोटेवर इंग्रजीत स्पष्ट ‘द जपानीज गव्हर्नमेंट’ लिहिलेलं असतं. अक्षरांचा गट ‘बी’ने सुरू होतो तो बर्माचा, ‘एम’ मलायाचा, ‘पी’ फिलिपिन्सचा, ‘एस’ डच ईस्ट इंडीजचा, ‘ओ’ ओशनियाचा. हे वाचायला टॉर्च लागत नाही, आणि टॉर्च मारला तरी ती नोट अस्सलच दिसणार. मी आजोबांना सांगायला पुढे झालो तोवर पैसे दिले गेले होते.

बॅटरी एका चार्जिंगमध्ये मला दोन-तीन महिने पुरते. उजेड डोळ्यांत जाऊ देऊ नका, मी पिवळा चष्मा लावतो. बर्माच्या सेंटच्या नोटांवर टॉर्च झिजवू नका, त्या ढिगाने मिळतात.

ती खोट्या छापेची एक रुपयाची नोट विक्रेत्याने परत घेतली नाही. आल्बममध्ये ती शेवटच्या पानावर ठेवली आहे, सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ‘नोट खरी, छाप खोटी, घडी बघा.’