एका क्रियापदावर पारखलेले शब्दकोश-अ‍ॅप

नवा शब्दकोश हाती आला की मी त्यात सर्वांत आधी ‘एस्केप’ हे क्रियापद काढून पाहतो. अवघड शब्दांच्या नोंदी बहुतेक कोशांत बऱ्या असतात. कोशाची खरी पारख अशा रोजच्या शब्दावर होते, ज्याच्यासाठी मराठीत पळणे, निसटणे, सुटणे, वाचणे आणि बचावणे यांपैकी नेमके कोणते क्रियापद घ्यायचे हे दरवेळी वाक्य पाहून ठरवावे लागते. अनुवादाच्या कामासाठी गेले चार महिने वापरत असलेल्या इंग्रजी-मराठी शब्दकोश-अ‍ॅपलाही मी हीच कसोटी लावली. अ‍ॅपचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष या प्रकारच्या अ‍ॅपमध्ये सर्रास आढळतात.

चांगल्या बाजू आधी सांगतो. शोध झटपट लागतो, स्पेलिंग थोडे चुकले तरी योग्य शब्द समोर येतो आणि उच्चाराची ध्वनिफीत स्पष्ट आहे. आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘केप’वर, आहे हे तीत नीट ऐकू येते, आणि ‘एक्स्केप’ असे म्हणण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ‘स्’च्या आधी ‘क्’ नाही हेही लगेच कळते. व्युत्पत्तीची छोटी टीप तर मला फारच आवडली. लॅटिनमधील ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘काप्पा’ म्हणजे झगा. पाठलाग करणाऱ्याच्या हाती नुसता झगा ठेवून निघून जाणे, हे या शब्दाचे मूळ चित्र. ते वाचताना आपले ‘हातावर तुरी देणे’ आठवल्यावाचून राहत नाही.

खरी अडचण अर्थांच्या यादीत आहे. ‘पळून जाणे, सुटणे, निसटणे, वाचणे’ असे चार प्रतिशब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडले आहेत. कोणता कुठे चालतो याविषयी अवाक्षर नाही. मराठी माणूस नेमका जिथे अडखळतो ती जागा म्हणजे ‘फ्रॉम’. आपण ‘तुरुंगातून पळाला’ म्हणतो आणि ‘शिक्षेतून सुटला’ असेही म्हणतो. दोन्हीकडे प्रत्यय एकच असल्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे ‘फ्रॉम’ घालण्याचा मोह होतो. इंग्रजीत मात्र ‘एस्केप्ड फ्रॉम प्रिझन’ म्हणजे आत होता आणि पळाला, तर ‘एस्केप्ड प्रिझन’ याचा एरवीचा अर्थ तुरुंगात जाण्याची वेळच त्याच्यावर आली नाही असा होतो. एका शब्दाच्या असण्यानसण्याने माणूस कैदी ठरतो किंवा ठरत नाही, आणि नोंदीत याचा उल्लेखही नाही. पुढे दुसरे क्रियापद आले की ते ‘आयएनजी’ रूपात येते, म्हणजे ‘एस्केप्ड बीइंग हर्ट’ बरोबर आणि ‘एस्केप्ड टू बी हर्ट’ चूक, हेही सांगायला हवे होते.

उदाहरणवाक्यांचे भाषांतर यंत्राकडून करून घेतले असावे. ‘हिज नेम एस्केप्स मी’ या वाक्यापुढे ‘त्याचे नाव माझ्यापासून पळून जाते’ असे छापलेले पाहून मी काही क्षण स्तब्ध झालो. ‘त्याचे नाव मला आठवत नाही’ इतके साधे ते वाक्य आहे. पातेल्यातील वाफेलाही या अ‍ॅपने असेच ‘पळून’ लावले आहे. मराठीत वाफ निघून जाते, वायू गळतो, उसासा बाहेर पडतो. ‘एस्केप व्हेलॉसिटी’साठी, म्हणजे ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी लागणाऱ्या वेगासाठी, ‘पलायन वेग’ हा हिंदीतील शब्द जसाच्या तसा उचलला आहे. पृथ्वीसाठी हा वेग सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर असतो हे अ‍ॅपला ठाऊक आहे, पण आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘मुक्तिवेग’ ठाऊक नाही.

जवळच्या क्रियापदांची स्थिती याहून वेगळी नाही. ‘फ्ली’, ‘इल्यूड’, ‘इव्हेड’ आणि ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’ या चारही नोंदी ‘पळून जाणे, टाळणे’ एवढ्यावरच संपतात. वास्तविक ‘फ्ली’ फक्त पळाल्याचे सांगते, पळणारा सुटला की नाही ते सांगत नाही. ‘एस्केप’मध्ये सुटका झालेली असते. म्हणूनच ‘ते पळाले, पण निसटू शकले नाहीत’ या वाक्यासाठी इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदे लागतात. शोधणाऱ्याला गुंगारा देणे म्हणजे ‘इल्यूड’. ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’मध्ये लपूनछपून जाणे अभिप्रेत आहे आणि बऱ्याचदा सोबत दुसऱ्याचे पैसेही असतात, त्यामुळे ‘पोबारा करणे’ किंवा ‘फरार होणे’ हे शब्द तिथे चपखल बसतात. ‘इव्हेड’ प्रश्नाला, जबाबदारीला आणि कराला लागते. त्यातही ‘टॅक्स इव्हेजन’ म्हणजे बेकायदा करचुकवेगिरी आणि ‘टॅक्स अव्हॉइडन्स’ म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कर वाचवणे, हा भेद अ‍ॅपने पार पुसून टाकला आहे. हिशेबाशी संबंधित मजकूर भाषांतरित करणाऱ्याने या नोंदीवर विसंबू नये.

उच्चार आणि व्युत्पत्ती यांसाठी पाचपैकी चार तारे, अर्थ आणि वापर यांसाठी दोन. अ‍ॅपमधील ‘चूक कळवा’ या सोयीतून मी ‘फ्रॉम’विषयी आणि त्या पळून जाणाऱ्या नावाविषयी सविस्तर लिहिले. आठवडाभरात आभाराचा निरोप आला आणि महिन्याने ते वाक्य दुरुस्तही झाले. ‘फ्रॉम’ची जागा मात्र अजून रिकामीच आहे, म्हणून तूर्त मी हे अ‍ॅप शब्द ऐकण्यासाठी उघडतो आणि वाक्य लिहिण्यापूर्वी चांगला इंग्रजी-इंग्रजी कोश पाहतो.