जुन्या टेक्निक्सवर एटी-व्हीएम९५ई, आठ महिने झाले

दिवाळीत आमच्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ रेकॉर्ड प्लेअरला ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ही कार्ट्रिज (सुई बसवलेला आर्मच्या टोकाचा भाग) लावली. त्याआधी ऑनलाइन एक जुन्या स्टॉकची कार्ट्रिज घेतलेली, विकणारा म्हणे एकदम नवीकोरी, पण तिनं नुसता ताप दिला. रेकॉर्ड जराशी वाकडी असली की गाणं सुरू व्हायच्या आधीच वूफरचा कोन भकाभका आत-बाहेर, आणि आपल्या जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड सरळ राहते कुठं भो!

नंतर हिशोब केला तेव्हा कळलं. आर्मचं इफेक्टिव्ह मास (हलताना जाणवणारं वजन) १२ ग्रॅम, त्या जुन्या कार्ट्रिजचं आणि स्क्रूचं मिळून साडेसहा, तिचा कम्प्लायन्स (सुईचा लवचिकपणा) ३०. एकूण वजन आणि कम्प्लायन्स यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, त्यानं १५९ ला भागायचं, की आर्म-कार्ट्रिजची स्वतःची झुलण्याची फ्रिक्वेन्सी येते; उत्तर आलं पावणेसात हर्ट्झ. पाहिजे ८ ते १२. त्याच्या खाली गेलं की रेकॉर्डचा बाक आर्मला हलवतो.

व्हीएम९५ई तर मी घेणारच नव्हतो, कारण तिचा कम्प्लायन्स ७ लिहिलाय आणि तो तसाच टाकला तर १४ हर्ट्झ येतं, म्हटलं ही फार कडक. पण भाऊ, तो आकडा १०० हर्ट्झवर मोजलेला आहे, जपानी कंपन्या बऱ्याचदा तसंच मोजतात, आणि आपला हिशोब १० हर्ट्झचा. दीड ते दोन पट धरायचा अंदाजे. १२ धरला तर साडेदहाच्या आसपास, एकदम जागेवर. एवढं कळायला मला पंधरा दिवस लागले.

लावताना कार्ट्रिजला जोडायच्या चार तारांपैकी हिरव्या तारेची टॅग (पिनवर बसणारी टोकाची क्लिप) चिमट्यात तुटली. आजी मागून म्हणते, "काय करी ऱ्हायना रे भाऊ, घड्याळ खोली ऱ्हायना का?" शेवटी टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर मारून आणला, तोही टॅग कार्ट्रिजच्या पिनवरून काढूनच, नाहीतर उष्णतेनं आतलं कनेक्शन जातं.

सुईचं रेकॉर्डवरचं वजन २ ग्रॅमवर आहे, वूफर शांत. आधी तीन मीटरची केबल होती तेव्हा झांजा टोचायच्या, हिला १०० ते २०० पिकोफॅरडच कपॅसिटन्स चालतो आणि लांब केबलनं तो वाढतो, केबल छोटी केली आणि फरक पडला. तक्रार एकच, रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' अजून सिसकारतो. बॉडी तीच ठेवून नुसती सुई ओढून मायक्रोलिनिअर (जास्त बारीक टोकाची सुई) लावता येते, ती घेणार आहे. तारांना हात लावावा लागत नाही, हे त्या हिरव्या तारेनंतर फार मोठं वाटतंय.