जुन्या गाडीची खडखड: घरी शोधायची, मेस्त्रीकडे द्यायची की दारांना शीट मारून घ्यायची?

गाडी दहा-बारा वर्षांची झाली आणि आतून आवाज यायला लागले की बेळगावात चार वाटा असतात. घरीच शोधून बंद करणे, ओळखीच्या मेस्त्रीकडे देणे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेणे, नाहीतर कार डेकोरच्या दुकानात दारांना डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर कमी करणारा चिकट थर, मारून घेणे. माझं मत आधीच सांगतो. आवाज शोधायचं काम तुमचं आहे, ते कुणावर सोपवू नका. दुरुस्ती कुणी करायची, ते आवाज सापडल्यावर ठरवा.

याला कारण आहे. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी चांगलीच थंडी असते. प्लास्टिक आकसतं, क्लिपा सैल पडतात आणि डॅशबोर्ड वाजायला लागतो. गॅरेज उघडेपर्यंत ऊन चढतं, प्लास्टिक पुन्हा फुगून घट्ट बसतं आणि मेस्त्री एक चक्कर मारून म्हणतो, “काय आवाज नाही की हो.” तो खोटं बोलत नाही, त्या वेळी आवाज खरंच नसतो. रोज गाडी चालवणाऱ्यालाच तो कधी येतो ते माहीत असतं. शिवाय हे काम वेळखाऊ. खराब रस्त्यावर तासभर कान लावून बसणं कुठल्याच गॅरेजला परवडत नाही.

शोधायची सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून करा. ग्लोव्ह बॉक्स, दारांचे कप्पे, सीटखालची छत्री, सगळं बाहेर काढा. डिकीत स्टेपनीचा बोल्ट आवळलाय का आणि जॅक-पाना जागच्या जागी बसलाय का, तेही बघा. बऱ्याच गाड्यांची खडखड इथेच संपते. टायरमध्ये हवा जास्त असेल तर तीही बरोबर करा, कारण टणक टायर प्रत्येक खडा आत पोचवतो.

मग गाडी उभी ठेवून हळूहळू रेस द्या. ठरावीक रेसला आवाज येत असेल, तर तो बहुतेक इंजिनाचं माउंटिंग, सायलेन्सर किंवा त्यावरच्या उष्णतारोधक पत्र्याचा असतो. आतलं प्लास्टिक उचकटण्यात अर्थ नाही. उभ्या गाडीत काहीच वाजलं नाही, तर काचा बंद करून, रेडिओ आणि पंखा बंद करून खराब रस्त्यावर हळू चालवा. तसा रस्ता शोधायला लांब जावं लागत नाही. उसाच्या ट्रॉल्या जाणारा चिकोडी-निपाणी भागातला कुठलाही आतला रस्ता चालेल. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, शेजारी आणि मागे बसलेल्यांनी एकेक भाग हाताने दाबून धरायचा. दाबल्यावर आवाज थांबला, तर जागा सापडली. डॅशबोर्डचा आवाज पुढच्या काचेवर आपटून भलतीकडूनच येतोय असं वाटतं, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबू नका. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं संशयित फटीजवळ धरलं की बराच उलगडा होतो.

स्पीड ब्रेकरवरून गाडी तिरकी नेल्यावर कुरकुर ऐकू आली, तर प्लास्टिकवर प्लास्टिक घासतंय किंवा दाराचं रबर सुकलंय. प्रत्येक लहान खड्ड्याला ‘टक’ वाजतं आणि ते पायालाही जाणवतं, तर तो आवाज आतला नाहीच. चाकांच्या सस्पेन्शनमधला लिंक रॉड, रबरी बुश किंवा शॉकअपचं माउंटिंग तपासायला हवं.

दाराचं एक उदाहरण सांगतो. दार उघडून खांबाकडे बघा. दाराचं लॉक ज्या लोखंडी कडीत अडकतं, तिच्यावर बऱ्याच गाड्यांत पातळ प्लास्टिकचं वेष्टण असतं. जुन्या गाडीत ते झिजून लोखंड उघडं पडतं आणि धक्क्याला लोखंडावर लोखंड आपटतं. आवाज खांबातून येतो, आणि लोक संशय घेतात सीट बेल्टवर. कडीवर कापडी टेपचे एक-दोन वेढे द्या, दार नीट लागतंय ना ते बघा आणि त्याच रस्त्यावरून फिरून या. आवाज गेला, तर दोष पक्का झाला. मग नवी कडी टाका किंवा जुनी थोडी सरकवून आवळा. मागच्या सीटची पाठ जिथे अडकते, तिथेही हीच युक्ती चालते.

आतलं सगळं काम घरी होतं. घासणाऱ्या जागी फेल्ट टेप, म्हणजे मऊ लोकरी कापडासारखी चिकटपट्टी, लावा. फट भरायला पाणी न शोषणारा फोम घ्या, साधा स्पंज पाणी धरतो आणि उन्हात भुगा होतो. दारांच्या रबरांना सिलिकॉनच चोळा. गंज सोडवणारे खनिज तेलाचे स्प्रे तिथे मारू नका, त्यांनी रबर फुगून खराब होतं.

खालचं काम मात्र मेस्त्रीचंच. लिंक रॉड, बुश, सायलेन्सरचा पत्रा यांना गाडी उचलावी लागते, आणि नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. तुटलेला ब्रॅकेट सर्व्हिस सेंटरला अख्ख्या जोडणीसकट बदलायला सांगतील. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तोच जोडून किंवा नवा घडवून मिळतो. जुन्या गाडीला हा आधार मोठा आहे. पण “डॅश खोलून सगळं आवळून बघतो” याला होकार देऊ नका. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं. एक आवाज शोधताना चार क्लिपा तुटतात आणि चार नवे आवाज सुरू होतात.

सर्व्हिस सेंटरचा मला एकच खरा उपयोग दिसतो, एअरबॅगचा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ती असते. एअरबॅगचा पिवळा कनेक्टर किंवा पिवळं आवरण असलेली वायर दिसली की तिथे हात घालू नका, पडदा एअरबॅग (खिडक्यांवरून खाली उघडणारी) असलेल्या खांबाच्या पट्टीत फोमही कोंबू नका. तिथे पैसे मोजावेत. क्लिपा काय, सुट्या भागांच्या दुकानातही मिळतात.

डॅम्पिंग शीटबद्दल गैरसमज फार आहे. ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल शीट दाराच्या पत्र्याला जड करते, त्याचं थरथरणं कमी करते. दार लावताना भरीव आवाज येतो, रस्त्याची घरघर थोडी कमी होते. सैल क्लिप मात्र तशीच वाजत राहते, उलट गाडी शांत झाल्यावर ती जास्तच ऐकू येते. आपल्याकडे पावसाचाही प्रश्न आहे. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. खानापूर-कणकुंबीच्या पावसात ती भोकं शीटने बुजली, तर दार आतून गंजेल. शीट मारायचीच असेल तर आवाज काढून झाल्यावर मारा, आणि ती भोकं स्वतः बघून घ्या.

बेळगावच्या केए-२२ पाटीच्या गाडीला १५ वर्षं पूर्ण होत आली असतील, तर नोंदणी वाढवताना फिटनेस तपासणी असते. सस्पेन्शन आणि सायलेन्सरचा खर्च त्याआधी करा. फेल्ट टेप नंतर कुठल्याही रविवारी लावता येते.