यू-बूटची फाइल सिस्टिम तपासायची: सँडबॉक्समध्ये, साठवलेल्या इमेजवर की बोर्डावर?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा माझा एक मित्र मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कंट्रोलर बनवतो. बोर्डावर यू-बूट (चालू होताच लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, चढवणारा बूटलोडर), कर्नल एक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमच्या पार्टिशनवर, आणि अपडेट झाल्याची खूण यू-बूट स्वतः एका छोट्या फाइलीत लिहितो. त्याला टेस्ट लिहायच्या आहेत आणि हाताशी माणूस एकच, तोही अर्धा वेळ. सुरुवात कुठून करायची, असं त्याने विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

सँडबॉक्स म्हणजे यू-बूट लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमसारखा चालवायचा. होस्ट बाइंड या आज्ञेने इमेज, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलीत, जोडली की तो तिला डिस्क मानतो, पुढचं पायटेस्ट हे पायथनमधलं टेस्ट चालवणारं साधन बघतं. फाइल लोड करायची, यू-बूटकडून तिचा एमडी५ (मजकुराची पडताळणी करणारा आकडा) काढून घ्यायचा आणि लिनक्सवर आधी काढलेल्याशी ताडायचा. यू-बूटच्या सोर्समध्येच अशा टेस्ट आहेत. त्यातली २.५ जीबीची फाइल मला फार आवडते. तिच्यात मजकूर फक्त सुरुवातीला, २ जीबीच्या हद्दीशी आणि शेवटी असतो, कारण ऑफसेट, म्हणजे फाइलीतल्या जागेचा आकडा, कुणी चिन्हासहित ३२ बिटांत ठेवला असेल तर तो नेमका त्या हद्दीवर उलटतो. शिवाय सँडबॉक्सवर जीडीबी हा डीबगर लावता येतो, मेमरीतल्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावता येतो. बोर्डावर ही चैन नाही.

मात्र सँडबॉक्स की बोर्ड, याहून मला दुसरा प्रश्न मोठा वाटतो: टेस्टला इमेज कुठून मिळते?

आधीच्या एका नोकरीत आम्ही एक जुनी एक्सटी४ इमेज सोर्स कोडसोबत गिटमध्ये ठेवली होती. टेस्ट रोज हिरव्या. मग नव्या लॅपटॉपवर बोर्डांची मेमरी कार्डं तयार झाली आणि बोर्ड प्रत्येक अपडेटनंतर जुन्या व्हर्जनवर परत जायला लागले. आम्ही तीन दिवस कार्डंच बदलत बसलो. शेवटी सिरियल कन्सोलवर ती ओळ दिसली: मेटाडेटा चेकसम हे फीचर चालत नाही, लिहीत नाही. एक्सटी४ फाइल सिस्टिम तयार करणाऱ्या ई२एफएसप्रोग्ज या साधनसंचाच्या १.४३ पासून, म्हणजे २०१६ पासून, हे फीचर आपोआप चालू असतं. आमचा यू-बूट अशी फाइल सिस्टिम वाचायचा, पण लिहायला नकार द्यायचा. कर्नल चढत होता, खूण पडत नव्हती, म्हणून बोर्डाला वाटे की अपडेट फसलं. आमची जुनी इमेज या फीचरच्या आधीची, तिच्यावर हे कधीच दिसलं नसतं.

ग्रब या दुसऱ्या बूटलोडरवाल्यांनाही असाच फटका बसला. २०२३ च्या ई२एफएसप्रोग्ज १.४७.० ने चेकसम सीड हे आणखी एक फीचर आपोआप चालू केलं आणि ग्रब २.०६ अशा पार्टिशनला ओळखेना. तुमचं मशीन एक्स८६ असेल तर ग्रब-एफएसटेस्ट वापरा. ते ग्रबचाच फाइल सिस्टिम कोड लिनक्सवर चालवतं, मात्र फक्त वाचतं.

म्हणून इमेज दर वेळी ताजी करा, आणि तीही कारखान्यात कार्ड बनवणाऱ्या स्क्रिप्टनेच. यू-बूटच्या टेस्टमधली पद्धत आंधळेपणाने उचलू नका. आम्ही पाहिलेल्या व्हर्जनमध्ये टेस्टची इमेज करताना मेटाडेटा चेकसम मुद्दाम बंद केलेलं होतं. टेस्ट चालावी म्हणून ते योग्यच, पण तुमचं कार्ड तसं नसतं. आणखी एक: इमेज तयार झाली नाही तर त्या टेस्ट फेल होत नाहीत, स्किप होतात. बिल्ड मशीनवर एमकेएफएस (फाइल सिस्टिम तयार करणारी आज्ञा) नसेल तरी सगळं हिरवंच दिसतं. स्किपचा आकडा शून्याच्या वर गेला की बिल्ड पाडा.

साठवलेल्या इमेजची जागा वेगळी आहे: बिघडवलेल्या फाइल सिस्टिम. सीव्हीई-२०२४-५७२५६ हा नोंदवलेला सुरक्षा-दोष घ्या. एक्सटी४ मधल्या सिमलिंकचा (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइलीचा) आकार ३२ बिटांतली सर्वांत मोठी संख्या दिला की यू-बूट त्यात एक मिळवायचा, बेरीज शून्य व्हायची, शून्य बाइटांची मेमरी मागितली जायची आणि पुढचं लिखाण भलतीकडे जायचं. असं पार्टिशन कोणतंही एमकेएफएस करून देणार नाही. ते हाताने बिघडवून, गुंडाळून गिटमध्येच ठेवावं लागतं आणि सॅनिटायझरसह चालवावं लागतं.

बोर्डाला पर्याय नाही तो डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत होणारी देवाणघेवाण) आणि कॅश (प्रोसेसरची जवळची मेमरी) यांसाठी. बफर कॅश लाइनवर, म्हणजे कॅशच्या ठरावीक कप्प्याच्या हद्दीवर, बसला नाही तर सँडबॉक्सला पत्ताही लागत नाही. पण हे काम हळू, कार्ड अदलाबदलीचं. रिलीजच्या आधी एकदा केलं तरी पुरे.

मित्राने सँडबॉक्स आणि ताजी इमेज घेतली. त्याची पहिली टेस्ट: खुणेची फाइल यू-बूटकडून लिहवून घ्यायची, पुन्हा वाचायची, आणि मग त्याच इमेजवर लिनक्समधून ई२एफएससीके हे फाइल सिस्टिम तपासणारं साधन चालवायचं. पहिल्याच रनला लिहिण्याची पायरी लाल झाली.