स्वीट होम थ्रीडी : फुकट आहे, चांगलं आहे, पण अडतं कुठे ते आधी बघा

घर बांधायच्या आधी ते आतून फिरून बघायचं असेल तर स्वीट होम थ्रीडी हे सॉफ्टवेअर डोळे झाकून घ्या. गवंड्याच्या हातात द्यायचा नकाशा काढायचा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. परीक्षण इथेच संपायला हरकत नव्हती. पण "ताई, ते तुम्ही सांगितलेलं सॉफ्टवेअर नीट चालत नाही" असे फोन मला सारखे येतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं सॉफ्टवेअर ठणठणीत असतं. म्हणून पुढचं सगळं.

मी कराडला घरांचे प्लॅन काढून देते. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेड, मग आर्किटेक्टकडे नोकरी, आता स्वतःचं छोटं ऑफिस. दिवसभर ऑटोकॅडच, म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. पण गिऱ्हाइकाला ऑटोकॅडच्या रेघा वाचता येत नाहीत. ते मान डोलावतात, सही करतात आणि जोत्यापर्यंत काम आलं की म्हणतात, "किचन एवढंसंच का?" हा प्रसंग टाळायला मला हे सॉफ्टवेअर उपयोगी पडतं.

एमान्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २००६ च्या सुमारास बाहेर आणलं. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं. स्क्रीनचे चार भाग : डावीकडे वर सामानाचं कपाट, खाली घरात ठेवलेल्या सामानाची यादी, उजवीकडे वर प्लॅन आणि खाली तोच प्लॅन थ्रीडीत. वर भिंत ओढली की खाली उभी राहते. शिकायला एक दुपार पुरते. फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका पैसे भरून घ्यायच्या ऑनलाइन पॅकेजची वर्गणी मी थांबवली, तर माझेच जुने प्लॅन मला उघडता येईनात. नाव घेत नाही.

आता अडचणी. सगळ्यात जास्त घोळ होतो तो मापाचा, आणि तो पहिल्याच मिनिटाला होतो.

लोक व्हॉट्सअॅपवर आलेला प्लॅनचा फोटो 'इम्पोर्ट बॅकग्राउंड इमेज'मधून आत घेतात आणि त्यावर भिंती गिरवतात. पद्धत बरोबर, फोटो चुकीचा. मोबाइल तिरका धरून काढलेल्या फोटोत प्लॅनची एक बाजू लांब आणि एक आखूड होते, मग कुठलंही स्केल लावा, खोल्या जुळणार नाहीत. झेरॉक्सच्या दुकानातून सपाट स्कॅन करून आणा. आणि पीडीएफ ते घेत नाही, त्याची पीएनजी किंवा जेपीजी करून घ्या. आर्किटेक्टकडची डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची, फाइलही थेट उघडत नाही, तिचीही इमेजच मागून घ्या.

इमेज आत आली की एक रेघ दाखवून सॉफ्टवेअर विचारतं, ही प्रत्यक्षात किती लांब? इथे लोक सोपं म्हणून तीन फुटांचं दार पकडतात. हिशोब करून बघा. आपल्याकडे एक गुंठ्याचा प्लॉट म्हणजे ३३ बाय ३३ फूट. दारावर रेघ लावताना इंचभर चूक झाली तर ३३ फुटांवर ती ११ इंच होते. एवढ्यात एक बाहेरची भिंत मावते. रेघ नेहमी प्लॉटच्या सगळ्यात लांब लिहिलेल्या मापावर लावा.

दुसरी गोष्ट, भिंत ओढायच्या आधी 'प्रेफरन्सेस'मध्ये जा. एकक फूट-इंचावर आणा. नव्या भिंतीची जाडी तिथे साडेसात सेंटिमीटर आणि उंची अडीच मीटर धरलेली असते. आपल्याकडे विटेची बाहेरची भिंत ९ इंची, आतली साडेचार, वर प्लास्टर, आणि उंची साधारण १० फूट. न बदलता काम सुरू केलं की घर पुठ्ठ्याचं दिसतं आणि खोल्या उगाच मोठ्या भासतात. गिऱ्हाईक खूश होतं आणि पुढे तेच भांडायला येतं. काम निम्मं झालं असेल तरी घाबरू नका : सगळ्या भिंती निवडा, 'मॉडिफाय वॉल्स', जाडी-उंची एकदम बदला.

पण जाडी बदलली की खोलीचं आतलं माप बदलतं, कारण इथे भिंत तिच्या मध्यरेषेवरून मोजली जाते. १० फुटांवर दोन ९ इंची भिंती आखल्या तर दोन्हीकडून साडेचार-साडेचार इंच आत येतात आणि हातात राहतात ९ फूट ३ इंच. सेंटरलाइनची सवय असलेल्याला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी दहा फूट आत हवे असतील तर रेघ पावणेअकरा फुटांची ओढावी. ओढतानाच एंटर दाबलं की लांबी टाइप करता येते. माउसने अंदाजपंचे ओढण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

'क्रिएट रूम्स' घेऊन चार भिंतींच्या आत डबल क्लिक केलं की फरशी आपोआप भरते. भरली नाही, किंवा हॉल आणि बेडरूमची मिळून एकच भलीमोठी खोली झाली, तर कुठेतरी दोन भिंतींची टोकं भिडलेली नाहीत. झूम करून कोपरे तपासा, टोक ओढून शेजारच्या टोकाला लावा. नव्वद टक्के वेळा गुन्हेगार पॅसेजचा कोपरा असतो, का ते देव जाणे.

खोलीवर जे क्षेत्रफळ दिसतं त्यावरून बिल्डरशी वाद घालायला मात्र जाऊ नका. ते फक्त भिंतींच्या आतल्या फरशीचं असतं. २०१६ च्या रेरा या घरखरेदीच्या कायद्यातल्या कार्पेट एरियात, म्हणजे आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, बाहेरच्या भिंती धरत नाहीत, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. प्लास्टरसकट ५ इंची पार्टिशन ४० फूट लांब भरत असेल तर तिथेच सुमारे १७ चौरस फुटांचा फरक पडतो.

दाराचं म्हणाल तर, कपाटातलं तयार दार भिंतीवर सोडलं की भोक आपोआप पडतं. बाहेरून आणलेलं मॉडेल मात्र, आत घेताना 'दार किंवा खिडकी' या चौकटीवर खूण केली नसेल, तर खुर्चीसारखं भिंतीपुढे नुसतं उभं राहतं.

वरचा मजला चढवायच्या आधी खालच्या भिंतींची उंची पक्की करा. मजला जोडताना त्याची पातळी त्या वेळी प्रेफरन्सेसमध्ये असलेल्या नव्या भिंतीच्या उंचीवरून ठरते. नंतर खालच्या भिंती उंच केल्या तर त्या वरच्या फरशीतून डोकं बाहेर काढतात. तसं झालंच तर मजल्याच्या टॅबवर डबल क्लिक करून पातळी हाताने भरा. आणि स्क्रीनवरच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून गवंड्याला सांगू नका. जिना हे एक तयार मॉडेल आहे, उंची वाढवली की पायऱ्या वाढत नाहीत, असलेल्याच ताणल्या जातात. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट असतील तर पावणेसात इंचांच्या आसपास १८ चढ बसतात. तो हिशोब कागदावरच करा.

थ्रीडीचा भाग काळा येतो किंवा प्रोग्रॅम उघडताच बंद पडतो, ही तक्रार जुन्या लॅपटॉपवाल्यांची. दोष बहुतेक वेळा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा असतो. विंडोजने आपणहून बसवलेल्या ड्रायव्हरवर विसंबू नका, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. फक्त थ्रीडी जड चालत असेल तर नेटवरून उतरवलेला नक्षीदार झुंबर-सोफा शोधा. असलं एकेक मॉडेल बाकीच्या सगळ्या घराला भारी पडतं. सामानाच्या यादीत त्याच्यापुढची 'व्हिजिबल'ची खूण काढा आणि फरक बघा. टाइल्सचे मोबाइलवर काढलेले फोटो टेक्स्चर म्हणून, म्हणजे फरशी-भिंतीवर चिकटवायला, घालतानाही आधी लहान करून घ्या, ते सगळे त्याच फाइलमध्ये जाऊन बसतात. प्रेफरन्सेसमधली ठरावीक मिनिटांनी आपोआप सेव्ह करायची सोय चालू ठेवा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

आता ज्यासाठी मी हे वापरते ते. 'व्हर्च्युअल व्हिजिट'मध्ये एक माणूस प्लॅनवर उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांतून घर दिसतं. त्याच्या डोळ्यांची उंची बदलता येते, आणि हे फार थोडे लोक करतात. एका कुटुंबाला स्वयंपाकघर दाखवत होते. नवरा-बायकोला सगळं पसंत होतं. सासूबाई गप्प. मी उंची त्यांच्या बेताची, साडेचार फुटांच्या आसपास आणली आणि माणूस ओट्यापुढे उभा केला. त्या लगेच म्हणाल्या, "ह्या फळीवरचा डबा मला कोण काढून देणार? आणि खिडकीतनं अंगण कुठं दिसतंय?" फळी खाली आली, खिडकीचा उंबरा सहा इंच उतरला. कागदावर हे कुणालाही दिसलं नसतं.

'क्रिएट फोटो'चे फोटो काळोखे येतात म्हणून लोक वैतागतात. त्यात दोन गोष्टी आहेत. घरातले दिवे फक्त वरच्या दोन क्वालिटीत उजेड देतात, खालच्या दोनमध्ये नाही. आणि उन्हासाठी फोटोची तारीख-वेळ आणि प्लॅनवरचं होकायंत्र बरोबर लागतं. होकायंत्रावर डबल क्लिक करून आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरा, उत्तर फिरवून घ्या. कराड १७.३ अक्षांशावर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेला असतो. म्हणजे "उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही" हे आपल्याकडे बारा महिने खरं नाही. पश्चिमेची बेडरूम असेल तर मेमधली दुपारी चारची वेळ टाकून फोटो काढा. छज्जा दोन फूट पुढे काढा म्हणून मी कितीही घसा कोरडा केला तरी जे पटत नाही, ते त्या एका फोटोने पटतं. वरच्या क्वालिटीला वेळ लागतो, साध्या लॅपटॉपवर तास-तासभरसुद्धा. लावून जेवायला जा. २०२२ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत फोटो काढायला याफारे नावाचं दुसरं इंजिनही आहे, एकाने मनासारखा आला नाही तर दुसऱ्याने बघा.

हे काय करत नाही तेही सांगते. कॉलम, बीम, फुटिंग, सळई यांचं त्याला काही कळत नाही. सामानाच्या ठोकळ्यांनी कॉलम दाखवता येतो इतकंच. नगरपालिकेच्या परवानगीला याचा कागद चालत नाही. तिथे २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, तिच्याप्रमाणे साइड मार्जिन (बाजूला सोडायची मोकळी जागा) आणि एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते), आणि सही परवानाधारक माणसाची. एखाद्या उत्साही पुतण्याने घरी बसून काढलेला प्लॅन बघून खड्डे मारायला सुरुवात केलेली उदाहरणं आमच्या भागात आहेत.

प्रिंट काढताना 'पेज सेटअप'मध्ये स्केल १:१०० करा आणि प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' बंद आहे ना ते बघा. ३३ फुटांची बाजू कागदावर दहा सेंटिमीटर भरली पाहिजे, पट्टी लावून खात्री करा. १:५० हवं असेल तर ए-थ्री घ्या, कारण बाहेरची मापं टाकल्यावर ए-फोर पुरत नाही.