दोन लिप्यांचे शब्द आणि स्वरांमधलं अंतर: लिलिपाँड, म्युझिक्सटेक की एबीसी?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात चर्चच्या क्वायरसाठी किंवा शाळेच्या समूहगीतासाठी स्टाफ नोटेशन (पाच रेषांच्या स्टाफवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी) छापायचं, तर एकाच चालीखाली मराठी आणि कन्नड अशा दोन ओळी अनेकदा लागतात. अशा पानावर अंतर बिघडतं ते बहुधा शब्दांमुळे. रुंद अक्षर आलं की त्यावरचा स्वर शेजाऱ्यापासून दूर सरकतो आणि एकसारखी मात्रा कागदावर लहानमोठी दिसायला लागते. म्हणून स्वरलिपी छापायला लिलिपाँड, म्युझिक्सटेक आणि एबीसी यांतून निवडताना हे ढकलणं कुठे आवरता येतं, ते आधी पाहावं. (तिन्हींत सुरावट टाइप करून लिहितात. आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत, फाईलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

लिलिपाँड अंतर स्वतः ठरवतं. चालीत वारंवार येणारा सर्वांत लहान स्वर ते शोधतं आणि त्याला २.४ स्टाफ-स्पेस जागा देतं. एक स्टाफ-स्पेस म्हणजे स्टाफच्या दोन रेषांमधलं अंतर. पुढे कालावधी दुप्पट झाला की १.२ ची भर. म्हणजे सर्वांत लहान स्वर क्वेव्हर (अर्धी मात्रा) असेल तर त्याला २.४, क्रॉचेटला (एक मात्रा) ३.६, मिनिमला (दोन मात्रा) ४.८. मग ओळ भरण्यासाठी सगळं ताणलं जातं. क्वेव्हरच्या चालीत मध्येच दोन-चार सेमीक्वेव्हरची (पाव मात्रा) तान आली तर ती दाटीवाटीने बसते, कारण मोजमाप क्वेव्हरचंच राहतं. तानेच्या आधी आणि नंतर ‘न्यू-स्पेसिंग-सेक्शन’ घातलं की त्या तुकड्याचा हिशेब वेगळा होतो. सगळंच मोकळं हवं असेल तर ‘बेस-शॉर्टेस्ट-ड्युरेशन’ १/१६ करावं. ‘स्ट्रिक्ट-नोट-स्पेसिंग’ मात्र जपून वापरा. त्यात बाररेषा (बार, म्हणजे मात्रांचे गट, पाडणाऱ्या उभ्या रेषा) आणि क्लेफ (स्वरांची जागा ठरवणारं चिन्ह) यांना जागा मोजली जात नाही, त्यामुळे ती स्वरांवर चढू शकतात.

म्युझिक्सटेकमध्ये हा निर्णय तुमचा. प्रत्येक स्वरगटाआधी जी आज्ञा लिहाल तेवढी जागा: ‘नोट्स’ या शब्दातली जितकी जास्त अक्षरं कॅपिटल, तितकी जागा मोठी. सेमीक्वेव्हरला २ एकक, क्वेव्हरला ३, क्रॉचेटला ४, मिनिमला ५, सेमीब्रीव्हला (चार मात्रा) ६. व्हायोलिनच्या स्वाध्यायपुस्तिकेसाठी, जिथे शब्द नाहीत आणि पान मजकुराने भरलेलं आहे, तिथे हे नियंत्रण फार मोलाचं. पण टेक (अक्षरजुळणीचा प्रोग्राम), मग म्युझिक्सफ्लेक्स (अंतराचा हिशेब करणारा प्रोग्राम), मग पुन्हा टेक, अशा तीन फेऱ्या लागतात. सुरावट बदलल्यावर म्युझिक्सफ्लेक्सच्या हिशेबाची जुनी ‘.एमएक्स२’ फाईल न पुसता पुन्हा चालवलं, तर जुन्याच मापाने ओळी पडतात. शिवाय देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरं नीट जुळायला झीटेक किंवा लुआटेक या टेकच्या युनिकोड आवृत्त्यांची वाट धरावी लागते. दोन लिप्यांच्या गीतासाठी मी हे सुचवणार नाही.

एबीसी सर्वांत सोपं. एक ओळ लिहा, एक ओळ छापली जाते. त्यामुळे एका ओळीत जास्त बार कोंबले की स्वर आवळले जातात. एबीसीएमटूपीएसमध्ये (एबीसी छापणारा प्रोग्राम) ‘नोट-स्पेसिंग-फॅक्टर’ मूळचा १.४१४ असतो, तो १ केला की सगळ्या स्वरांना सारखीच जागा. एखाद्या ठिकाणी फट हवी असेल तर ‘वाय’ अक्षर टाकायचं. नुसती चाल उतरवून ठेवायला एवढं पुरतं.

दोन ओळींच्या गीतासाठी माझी पसंती लिलिपाँडला आहे, ती मुख्यतः अक्षरजुळणीमुळे. दोन्ही लिप्यांची जोडाक्षरं ते बरोबर जुळवतं आणि प्रत्येक ओळीला वेगळा फाँट व आकार देता येतो. तपासणी अशी करा: आधी शब्दांच्या ओळी तात्पुरत्या बंद करा, ‘रॅगेड-राइट’ (ओळ ताणून न भरणं) चालू करा आणि पान काढा. हे स्वरांचं नैसर्गिक अंतर. मग एकेक ओळ परत आणा. ज्या ओळीने बार फुगला, तिचाच आकार कमी करा: ‘फाँट-साइज’ उणे १ म्हणजे अक्षरं सुमारे ११ टक्के लहान, उणे २ म्हणजे सुमारे २१ टक्के. उणे २ च्या खाली जाऊ नका. मागच्या रांगेतल्यांना वेलांट्या दिसत नाहीत. तरी फुगवटा राहिला, तर ओळीत चारऐवजी तीन बार घ्या.

शब्द तोडताना जोडाक्षर पुढच्या तुकड्यात अखंड ठेवा: ‘वि’ आणि ‘ठ्ठल’. ‘विठ्’ असा हलन्त तुकडा रुंद होतो आणि वाचताना अडखळायलाही होतं. जागा कमी पडली तर लिलिपाँड हायफन गुपचूप गाळतं. तो हवाच असेल तर ‘लिरिक-हायफन’चं ‘मिनिमम-डिस्टन्स’ १.० करा, पण त्याने बार पुन्हा थोडा रुंदावेल. कन्नड ओळ वर आणि मराठी खाली असेल तर कन्नडचे ओत्ताक्षर (अक्षराखाली जोडलेली व्यंजनं) खाली लोंबतात आणि मराठीच्या वेलांटी-मात्रांना भिडतात. कन्नड ओळ खाली घेतली की बहुतेक वेळा ही टक्कर टळते.

छापण्याआधी झेरॉक्सवाल्याला ‘१०० टक्के’ असं स्पष्ट सांगा. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर स्टाफसकट शब्दही आकसतात, आणि उणे २ वर ठेवलेली ओळ वाचण्यापलीकडे जाते.